टिकलीखालचे शब्द

"आणि नुकसान?"

सिस्टरांनी विचारलं आणि राजेश्वरी गप्प झाली.

तोवर तिचं तोंड थांबत नव्हतं. ऑर्डर म्हणजे आउफट्राग. माल म्हणजे वारे. किंमत म्हणजे प्राइस. गिऱ्हाईक म्हणजे कुंडे. माल पोचवणं म्हणजे लीफरुंग. नफा म्हणजे गेविन. गेविन तर तिनं न विचारता दोनदा म्हणून दाखवला होता.

"नुकसान," सिस्टर पुन्हा म्हणाल्या. "धंद्यातलं नुकसान. जर्मनमध्ये काय म्हणतात?"

राजेश्वरीनं मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं केलं.

"येत नाही?"

"न यायला काय झालं, सिस्टर? मी शिकलेच नाही तो शब्द."

"का?"

"हा ऐकलालाय की..."

हा म्हणजे चिन्ना. नुकता बसायला लागलेला. तो तोंडात मूठ घालून सिस्टरांच्या कपाकडं बघत होता.

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर माग. मागाची खटखट थांबली की झोपलेली पोरं दचकून उठतात, अशी ती वस्ती. राजेश्वरी तिथल्या वडनालांची सून. घरात टॉवेल विणायचे. चिन्ना झाल्यावर तिनं वेगळंच डोकं चालवलं. आपल्याकडं झोळी असते, तसं तिकडं जर्मनीत बायका लांबरुंद कापडानं लेकरू छातीशी बांधतात आणि बाजारहाट करतात. मग ते कापड आपल्या मागावर का विणू नये?

तिकडच्या बायकांचं तिला सांगितलं होतं मार्था सिस्टरांनी. मार्था उजागरे. चर्चमागच्या चाळीत एकट्याच राहायच्या. उभा जन्म जर्मनीत गेला, लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स म्हणून. म्हातारपणी गावी आल्या त्या बिनदुधाच्या कॉफीची सवय घेऊन. ती कडू कॉफी बघून शेजारच्या बायका तोंड वाकडं करायच्या.

सिस्टरांच्या तिकडच्या मैत्रिणीची मुलगी म्हणजे फ्राउ ब्रांट. फ्राउ म्हणजे बाई. लेकुरवाळ्यांना लागणाऱ्या सामानाचं तिचं लहानसं दुकान होतं. पहिली ऑर्डर सिस्टरांनीच फोनवर बोलून मिळवून दिली. लाल, हिरवं आणि निळं, अशी कापडं विणून रवाना झाली. येत्या सोमवारी फ्राउ ब्रांट ती दुकानात मांडणार होती.

माल गेला त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, "माझं वय झालं. इथून पुढं तुझं तू बोलायचं."

तेव्हापासून ही शिकवणी. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की राजेश्वरी लेकराला काखेत मारून यायची. पोरगी हुशार. आणि आपण हुशार आहोत हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"पुस्तक दे इकडं," सिस्टर म्हणाल्या.

पुस्तक सिस्टरांचंच. व्यापारी बोलण्याचं. त्यांनी पान उघडलं आणि चष्मा वर केला, मग खाली केला.

पानावर जागोजाग लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या.

"हे काय?"

"टिकल्या आहेत."

"ते दिसतंय मला. गोवर उठलाय पानाला."

राजेश्वरी हसली नाही.

"जे शब्द वंगाळ आहेत ना, त्यांच्यावर लावल्या. पुस्तक घरात उघडं पडतं. हा त्याच्यावर हात मारतो, पान चाटतो. नको वाटतं."

सिस्टरांनी एका टिकलीवर बोट ठेवलं. "इथं काय होतं?"

"आठवत नाही."

"मी सांगू?"

"नको, सिस्टर!" तिनं चिन्नाचं डोकं छातीशी ओढलं.

सिस्टरांनी बोट काढून घेतलं.

"आमच्यात दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत," राजेश्वरी म्हणाली. "वाढवलं म्हणतात. बांगडी पिचली तर वाढली म्हणतात. दिवासुद्धा वाढवतात. तुमच्यात नाही का म्हणत?"

"म्हणतात की."

"मग?"

"जर्मनीत दुकान बंद झालं तर बंद झालं म्हणतात."

"म्हणूनच बंद पडत असतील!"

सिस्टरांना असं हसू आलं की कॉफी बशीत सांडली. चिन्नाही हसला. राजेश्वरीला वाटलं, आपण जिंकलो.

"हे बघा सिस्टर, नफ्याचं बोललं की नफा होतो. नुकसानाचं बोलून काय मिळणार? मला धंदा करायचाय. धंद्याचे चांगले शब्द सगळे पाठ आहेत माझे. कुठूनही विचारा."

सिस्टरांनी फडक्यानं बशी पुसली. पुस्तक मिटलं.

"उद्यापासून येऊ नको."

"काय?"

"पुढचा धडा या पानाच्या मागं आहे. हे पान वाचल्याशिवाय मी ते उलटत नाही."

"मग मी मोबाईलवर शिकेन."

"शीक."

"त्यात कुणी टिकल्या काढायला लावत नाही."

"बरं झालं."

राजेश्वरी उठली. लेकरू काखेत, पुस्तक पिशवीत, नाक लाल. दारात वळून म्हणाली, "येते."

रागात होती, तरी जाते म्हणाली नाही.

"ये," सिस्टर म्हणाल्या.

ती गेल्यावर सिस्टरांनी कप विसळून ठेवला. त्यांना ठाऊक होतं. चिन्ना तिचा दुसरा. पहिलं राहिलं नव्हतं. त्या वेळी दवाखान्यात तिच्या उशाशी सिस्टरच होत्या. पोरगी रडली नव्हती. एकच सांगत राहिली होती, की मोठी जाऊ जिन्यात म्हणाली, "सांभाळ गं, पडशील." ती काही पडली नव्हती. जावेच्या पोटात पापही नव्हतं. पण शब्द आधी आला आणि मग ते झालं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

ज्या बाईचं पहिलं राहत नाही, तिला दुसऱ्याच्या वेळी वारासुद्धा वैरी वाटतो. तिथं शिकवून उपयोग नसतो.

सिस्टर वाट बघत राहिल्या.

राजेश्वरी आली नाही. घरी माग चालवता चालवता मोबाईलवरची बाई बोलायची आणि ही मागून म्हणायची. गेविन. गेविन. सासूबाई कौतुकानं शेजारणीला सांगायच्या, "आमची राजी जर्मन झाली."

रविवार आला. सिस्टर चर्चमधून येऊन कॉफीचं पाणी ठेवत होत्या.

दार वाजलं नाही, आपटलं.

राजेश्वरी उंबऱ्यात उभी. पायात चपला दोन जातींच्या. चिन्ना खांद्यावर घट्ट धरलेला, आणि दुसऱ्या हातात निळ्या कापडाचा बोळा.

"सिस्टर... हे..."

"काय झालं?"

"झोळी... झोळीचं..."

पुढचा शब्द येईना. तिनं बोळा खाटेवर टाकला. सिस्टरांनी तो उलगडला.

कापड मधोमध गेलं होतं. शिवण उसवते तसं नाही. आडवा धागा धाग्यापासून सुटून भलं मोठं तोंड वासलं होतं.

सिस्टरांनी कापड बाजूला सारलं आणि आधी लेकरू हातात घेतलं. टाळूवर बोटं फिरवली. मान बघितली, हातपाय हलवून बघितले. डोळ्यापुढून चमचा इकडून तिकडं नेला. चिन्नानं चमचा धरला आणि सोडेना.

"कुठं होता हा?"

"झोळीत. खाली गोधडी होती. गोधडीवरच..."

"रडला?"

"लगेच रडला. मोठ्यानं."

"मग झालं. लगेच रडलेलं लेकरू चांगलं. याला काही झालेलं नाही, राजी. बस खाली."

राजेश्वरी बसली नाही.

"सिस्टर, हे त्याच निळ्या ठाणातलं आहे. उरलेला तुकडा होता, त्याची झोळी केली मी. त्या निळ्या सुतालाच काहीतरी झालंय. रंगात जास्त उकळलं असेल, जळालं असेल. मी आता दुसरा तुकडा दोन हातांनी ओढून बघितला. कागदासारखं येतंय."

"आणि बाकीचं निळं?"

"तिकडं."

कॉफीचं पाणी उकळून बाहेर आलं. सिस्टरांनी गॅस बंद केला.

"उद्या सोमवार," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर पळत आले. हे म्हणालेत, गप्प बस. तिकडं वर टांगत नाहीत, अंगाला बांधतात, काही होत नाही. सांगितलंस तर ती परत ऑर्डर देईल का? मागावर जे चढवलंय त्याचं काय करायचं?"

हे म्हणजे तिचा नवरा व्यंकटेश.

"तुला काय वाटतं?"

"मला..." तिनं निळ्या कापडाकडं बघितलं. "मला त्याचा आवाज ऐकू येतोय, सिस्टर. चर्र झालं होतं. मी स्वयंपाकघरात होते. चर्र... आणि मग काही नाही. मग तो रडला. मधल्या वेळात माझं काय झालं ते मला विचारू नका."

सिस्टरांनी चिन्नाला मांडीवर नीट बसवलं.

"तुम्ही फोन लावा. तुम्ही सांगा तिला. तुम्हाला येतं."

"लावते." सिस्टरांनी फोन घेतला. "सांगतेही. पण ती विचारेल, कुठला रंग, कुठलं सूत, का झालं, बाकीचं कसं आहे. मी काय सांगू? मी विणलंय?"

"मी मराठीत सांगते, तुम्ही जर्मनमध्ये..."

"राजी."

"काय?"

"तुझ्या हातचं कापड बांधून ती बायकांना देणार आहे. तिनं तुझा आवाज ऐकायला नको?"

राजेश्वरीचा हात खांद्याला अडकवलेल्या पिशवीवर गेला.

"अडलीस तर मी बसलेच आहे," सिस्टर म्हणाल्या. "शब्द कुठं आहेत तुला ठाऊक आहे."

पुस्तक पिशवीतच होतं. तिनं ते काढलं. पान आपोआप उघडलं, टिकल्यांनी जाड झालेलं. तिनं नख लावलं. एक टिकली निघाली. ती तिनं मनगटाला चिकटवली. दुसरी निघाली. तिसरी निघता निघेना, खालचं अक्षर घेऊन आली.

तिनं वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"लागला," सिस्टर म्हणाल्या. पलीकडं फोन वाजत होता. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

राजेश्वरीनं फोन धरला आणि चिन्नाकडं बघितलं. तो सिस्टरांच्या मांडीवर चमचा चोखत होता.

"सिस्टर... याच्यासमोर नको. याला बाहेर..."

पलीकडून आवाज आला. "हालो? ब्रांट."

सिस्टरांनी आपले दोन्ही तळवे उचलले. सुरकुतलेले, मोठे, नर्सचे हात. ते त्यांनी चिन्नाच्या दोन्ही कानांवर ठेवले. घट्ट. चिन्नाचे गाल मध्ये फुगून आले.

"आता बोल," त्या म्हणाल्या.

राजेश्वरीनं बाळाकडं पाठ केली. खिडकीकडं तोंड केलं. पुस्तक चौकटीला टेकवलं.

"फ्राउ ब्रांट... इश बिन राजेश्वरी."

मी राजेश्वरी. इतकं तिला न बघता येत होतं.

पलीकडची बाई आनंदानं काहीतरी बोलली. खूप बोलली. त्यातलं हिला एक "श्योन" कळलं. सुंदर. कापड सुंदर आहे म्हणत असेल.

राजेश्वरीनं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं.

"फ्राउ ब्रांट. दास टूख... दास टूख राइस्ट."

कापड फाटतं.



"दास किंड..." तिनं खिडकीची सळई धरली. "दास किंड फेल्ट."

मूल पडतं.

बोलली. घर जिथल्या तिथं होतं. चाळीतल्या नळाला पाणी येत होतं. कुणीतरी बादली सरकवली.

मग तिला थांबता येईना. व्याकरण गेलं, पुस्तक खाली पडलं, ती नुसते शब्द टाकत राहिली. कापड. निळं. सूत खराब. विकू नका. निश्ट फेरकाउफन. विकू नका. "ब्लाउ, फ्राउ ब्रांट. ब्लाउ. निश्ट फेरकाउफन!"

"आल्ले ब्लाउ?" पलीकडून विचारलं. सगळी निळी?

"आल्ले."

"आणि लाल? हिरवं?"

राजेश्वरीला प्रश्न कळला. उत्तर तिच्या जिभेवर होतं. गूट. चांगलं. तो शब्द तिला झोपेतही आला असता. पण ती थांबली. लाल आणि हिरवं तिनं अजून ओढून बघितलं नव्हतं.

"इश वाइस निश्ट," ती म्हणाली. मला माहीत नाही. "बघते. आज बघते. सांगते."

मग फ्राउ ब्रांट एकदम वेगळ्या आवाजात बोलली. भराभर, खोलीभर ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. त्यातलं एवढंच हाती लागलं, "आइने... बाय माइनर टोख्टर..."

फोन बंद झाला.



"सिस्टर, काय म्हणाली ती?"

सिस्टरांचा आवाज मागून आला. हळू.

"एक निळं तिच्या मुलीकडं आहे म्हणाली."

"तिच्या मुलीला... लेकरू आहे?"

"मागच्या महिन्यात झालं."

राजेश्वरी वळली नाही. खिडकीची सळई तिनं दोन्ही हातांनी धरली. फोन सळई आणि तळव्याच्या मध्ये. तिच्या मनगटावरच्या टिकल्या घामानं सरकत होत्या.

खाली नळावर दोन बायकांची हुज्जत चालली होती, आधी घागर कुणाची ठेवली होती यावरून. राजेश्वरी ती हुज्जत ऐकत होती. ऐकत नव्हती...

"सिस्टर."

"हं."

"मी माल पाठवायच्या आधीच ओढून बघायला पाहिजे होतं."

"हं."

"निळा रंग छान आला म्हणून मीच तो जास्त विणायला लावला."

मागं सिस्टरांची खुर्ची करकरली.

"तिच्या मुलीनं बांधलं असेल का हो?"

"मला माहीत नाही, राजी."

एरवी कुणीही म्हटलं असतं, काही होणार नाही, देव आहे. सिस्टर तसं म्हणाल्या नाहीत. आणि राजेश्वरीला त्याचाच आधार वाटला. काय ते होईल ते खरं खरं कळेल, एवढा.

फोन वाजला.

तिनं तो कानाला लावला आणि डोळे मिटले.

"आल्लेस गूट," फ्राउ ब्रांट म्हणाली. "आल्लेस गूट, राजेश्वरी. आल्लेस गूट."

सगळं ठीक आहे.

पुढं ती बाई बोलत होती आणि हसत होती, की रडत होती, ते फोनवर कळेना. पण आता राजेश्वरीच्या कानात शब्द आपोआप शिरायला लागले, झडप उघडल्यावर पाणी शिरतं तसे. कापड पाकिटातच आहे. घडीसुद्धा मोडली नाही. मुलगी उद्या बांधणार होती. उद्या. दुकानातली सगळी निळी मी आता काढते, खोक्यात भरते, खोक्यावर लिहिते.

"दांके," फ्राउ ब्रांट म्हणाली. आभारी आहे. "दांके, राजेश्वरी."

मग तिनं विचारलं, "नवीन निळं कधी?"

राजेश्वरी भिंतीला टेकली आणि तशीच खाली सरकत जमिनीवर बसली. एरवी तिनं फाडकन सांगितलं असतं, आठ दिवसांत, चार दिवसांत, उद्या. आपल्याकडं गिऱ्हाइकाला कुणी कधी नंतर म्हणत नाही.

"श्पेटर," ती म्हणाली. नंतर. "सूत आधी. मग ओढून बघणार. मग."

"गूट," फ्राउ ब्रांट म्हणाली. "मी थांबते."

फोन ठेवला.

राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. सिस्टरांना आधी वाटलं रडते आहे. मग आवाज आला. ती हसत होती.

"थांबते म्हणाली, सिस्टर! ऐकलंत? मी माल विकू नका म्हणाले, तरी थांबते म्हणाली. यांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

"लाल आणि हिरवं बघायचंय."

"आता घरी गेले की आधी तेच. सासूबाईंनाच एका टोकाला धरायला लावते. त्यांच्या हातात जोर आहे. मला एकदा असा गुद्दा बसलाय त्यांचा..." तिनं नाक पुसलं. "आणि यांनी काही म्हटलं तर त्यांनाच झोळीत बसवते."

सिस्टर हसल्या.

राजेश्वरीनं जमिनीवर पडलेलं पुस्तक उचललं. धूळ झटकली. अंगातला सगळा ताण पायांतून उतरून गेला होता, बाळंतिणीच्या अंगातून उतरतो तसा. किती दिवसांनी तिला भूक लागली होती. सिस्टरांच्या डब्यात पाव असेल का, हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग तिला चिन्ना आठवला.

ती वळली.

चिन्ना सिस्टरांच्या मांडीवर ऐटीत बसला होता. त्यानं त्यांचा चष्मा ओढून काढला होता आणि त्याची काडी चघळत होता. सिस्टरांचा एक हात त्याच्या पाठीला होता. दुसऱ्या हातात गार पाण्याचा पेला.

राजेश्वरीचं हसू गेलं.

"सिस्टर! तुमचे हात?"

"काय झालं हातांना?"

"त्याच्या कानांवर होते ना? त्यानं सगळं ऐकलं असेल. फाटतं म्हटलेलं, पडतं म्हटलेलं... सगळं. हात कधी काढलेत तुम्ही?"

सिस्टरांनी पेल्यातलं पाणी संपवलं. चिन्नाच्या तोंडातून चष्मा सोडवून घेतला, पदराला पुसला आणि लेकरू तिच्या कडेवर दिलं.

"तू बोलायला लागलीस तेव्हा."